जादूगार उठला आणि सासूबाईही

ती. दादास,
धाकटीचा नमस्कार. तुझी कंबर आता वाकते का? वहिनीचा खोकला थांबला का? आम्ही सगळे ठीक. जे ठीक नाही ते तुझ्यामुळे, म्हणून हे पत्र.

सगळं जग ज्याच्यामागे वेडं झालंय (आणि एकदा पाहून पोट भरलं नाही म्हणून तू जो पुन्हा पाहिलास आणि आम्हालाही पाहायला सांगितलास) तो ड्रॅगनचा सिनेमा आम्ही रविवारी पाहिला. मी, हे आणि सासूबाई. त्यांना नेण्याचा हट्ट माझाच. मामंजी गेल्यापासून त्या रडल्या नाहीत, बोलतातही जेमतेम. दिवसभर खिडकीपाशी बसून असतात. म्हटलं, जरा जीव रमेल. ‘आईला ड्रॅगन कशाला?’ असं ह्यांचं म्हणणं, पण मी एकदा ठरवलं की ठरवलं, हे तुला माहीतच आहे.

सुरुवातीलाच घोळ. ह्यांनी थिएटरचा थ्री-डी चष्मा स्वतःच्या चष्म्यावर उलटा चढवला आणि मध्यंतरापर्यंत ह्यांना दोन-दोन ड्रॅगन दिसत राहिले (माणसाचं स्वतःचं चष्म्यांचं दुकान आहे, बरं!). “लढाई नक्की कुठल्या ड्रॅगनशी चाललीय?” असं ह्यांनी मोठ्याने विचारल्यावर पुढच्या रांगेतल्या बाई वळून म्हणाल्या, “दोघांशी.” गोष्ट म्हणशील तर राजकन्या उडते, घोडा उडतो, किल्ला उडतो, जागेवर बसून राहिलो ते फक्त आम्ही.

पण मध्यंतरानंतर तो म्हातारा जादूगार मेला. राजकन्येचा हात हातात घेऊन, अगदी शांतपणे. आणि दादा, सासूबाई रडल्या! आधी रुमालात, मग हुंदके देऊन. मी त्यांचा हात धरला, ह्यांनी दोन्ही चष्मे काढले. इतके महिने अडकून राहिलेलं सगळं बाहेर पडत होतं. त्या क्षणी मी तुला मनातल्या मनात आशीर्वाद दिला (वयाने लहान असून).

तो परत घेते. कारण थोड्याच वेळात कसलासा निळा उजेड पडला आणि म्हातारा टुणकन उठून बसला! लोकांच्या टाळ्या, शिट्ट्या. आणि सासूबाई ताडकन उभ्या. तिथून तरातरा थेट मॅनेजरच्या खोलीत. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा तो बिचारा म्हणत होता, “आजी, सिनेमा आहे हो तो.”

“ते कळतं मला,” सासूबाई म्हणाल्या. “पण गेलेलं माणूस असं उठून बसताना दाखवता, मग आम्ही घरी जाऊन कोणाच्या तोंडाकडे बघायचं?”

खुर्ची पुढे सरकवून मॅनेजरने विचारलं, “कोण गेलं तुमचं?”

मग त्याने मागवलेला चहा गार होईपर्यंत सासूबाई मामंजींबद्दल बोलत होत्या. ते किती बेसूर शीळ घालायचे, रागावले की उगाच सगळ्यांच्या चपला पुसत बसायचे. ह्यांनाही ठाऊक नसलेल्या गोष्टी! घरी येतानाही बोलत होत्या, अजून बोलताहेत (थांबण्याचं चिन्ह नाही).

तरीही, सिनेमा लबाड आहे, या मतावरून मी तसूभरही हलणार नाही. दुसरा भाग येतोय म्हणे. आमच्या घरातलं कोणीही तिकडे फिरकणार नाही, हे काळ्या दगडावर कोरून ठेव.

वहिनीला नमस्कार.

तुझीच,
धाकटी

ता. क. दुसऱ्या भागाची तिकिटं तुमच्याकडे आधी मिळतात असं कळलं. तीन काढशील? कडेची बघ.

ता. क. (हे सासूबाई शेजारी बसून सांगताहेत.) काढण्याआधी नीट चौकशी कर. त्यात तो म्हातारा पुन्हा मरणार असेल, तर दोनच काढ.