सहा बोल्ट आणि वरची धार

कोल्हापूर,
१२ फेब्रुवारी १९९८

ती. आक्कास राजशेखरचा नमस्कार.

संक्रांतीच्या तिळगुळाची साधी पोचही दिली नाही, त्याबद्दल आधी माफ कर. डायरी रोज लिहितो, म्हणजे हात चालतो. त्यामुळे 'वेळ मिळाला नाही' असंही मला म्हणता येत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला?

विद्याश्रीनं तुला 'विमान दुरुस्तीला आहे' एवढंच सांगितलं असेल. (तुझी पोरगी मामाची अब्रू राखते.) ती पहिल्यांदा एकटी उडणार म्हणून तू कागलातली निम्मी गल्ली जीपमध्ये भरून आणलीस आणि विमान शेडमध्येच राहिलं. त्याचं कारण तुला कळायला हवं.

विमानाचा पुढचा पंखा सहा बोल्टांवर बसतो. ते समोरासमोरचे धरून, थोडे थोडे, टॉर्क पान्यानं आवळायचे. ठरलेला जोर भरला की पाना 'कट' असा वाजतो. तिथं हात थांबला पाहिजे. आमचे मदतनीस हंबीरराव मूळचे हातकणंगल्याचे, घरी दुधाचा रतीब. माप भरल्यावर वर एक धार घातल्याशिवाय त्यांच्या घरून गिऱ्हाइकाचं भांडं परत जात नाही. तीच धार त्यांनी सहाही बोल्टांना घातली; 'कट' झाला की वर एक हिसका. विचारलं तर म्हणाले, "साहेब, मापावर हात काढायचा म्हंजी पावण्याला निम्म्या ताटावरनं उठवल्यागत हाय की."

मी त्यांना बराच वेळ समजावलं (बहुधा गरजेपेक्षा जास्त) की फाजील आवळलेला बोल्ट ताणला जातो आणि नको तेव्हा तुटतो. ते बोल्ट टाकून दिले. कपाटातला एकुलता एक नवा संच काढला आणि तो मी स्वतः आवळला. सहा 'कट' झाले. मग वाटलं, तिसरा 'कट' पान्याचा होता की माझ्या मनगटाचा? म्हणून पुन्हा ओढून पाहिला. एकट्या तिसऱ्यावर अविश्वास बरा नव्हे, म्हणून बाकीचेही ओढले. 'कट' झाल्यावर किंचित पुढंही दाबून पाहिलं. भाची बसणार ना त्यात.

विद्याश्री मागं उभी होती. म्हणाली, "मामा, हंबीरमामांनी दिली ती वरची धार, आणि तुम्ही दिली ती खात्री व्हय?"

हंबीरराव मोठ्या सभ्यपणानं छताकडे बघत राहिले. दुसरा संचही टाकून दिला.

तुझा,
राजशेखर

ता. क. : बंगलोरहून तिसरा संच आज आला. रविवारी ती उडेल. जीप आण, पण पंख्यावर नारळ फोडायचा बेत सोड. तुझ्या हाताचा जोर मोजणारा पाना अजून निघालेला नाही. हे पत्र हंबीररावच आणून देतील. त्यांना चहा कपभरच दिलास तर त्यांना वाईट वाटेल.

ता. क. २ : खरी विनंती ही, की रविवारपर्यंत फोन करून "नीट आवळलंस ना?" असं मला विचारू नकोस. विचारलंस तर मी पुन्हा बघायला जाईन.

ता. क. ३ : वर तारीख घातली का, ते पाहायला हे पाकीट दोनदा उघडलं. डिंक फाटलेला दिसला तर हंबीररावांना बोलू नकोस.

(डायरीच्या सवयीनं इथंही लिहिलं गेलं) उद्याचं काम : बोल्ट आवळून झाले की पान्याच्या कपाटाची किल्ली विद्याश्रीकडे देणे.