श्वास घेणारी भिंत

३ मार्च
आई तेवीसला हॉस्पिटलमधून घरी येणार. फुप्फुसं नाजूक झालीत, खोली कोरडी हवी, असं डॉक्टरांनी बजावलंय. मागची नवी खोली तोवर तयार करायची. सिमेंटचा कणही वापरणार नाही. मातीच्या विटा, चुन्याचा गिलावा. चुन्याची भिंत श्वास घेते. मातीच्या घरांवरच्या व्हिडिओत स्पष्ट सांगितलंय.

६ मार्च
चुनेवाला म्हणाला, वाळायला महिना तरी धरा. म्हणजे हवा खेळती ठेवली तर आठवडा. दुकानदार नेहमी वाढवूनच सांगतात.

१४ मार्च
गिलावा पूर्ण. देखणा झालाय. हात लावला, छान गार. बायको म्हणाली, गार नाही, ओली आहे. तिला शब्दांचा कीस पाडायची सवयच आहे.

१७ मार्च
अजून गार. तीन पंखे लावले. ताईचा फोन. आईला सध्या माझ्याकडे नेते म्हणाली. तिचा फ्लॅट म्हणजे नुसतं सिमेंट. आई इथेच येईल, विषय संपला, म्हणालो. फोन ठेवल्यावर लागोपाठ तीन कप चहा प्यालो. चहा जास्त होतोय.

२० मार्च
डिझेलवरचा हीटर भाड्याने आणला. पर्यावरणासाठी कधी कधी थोडं डिझेल जाळावं लागतं.

२१ मार्च, सकाळी
भिंतीला भेगा. घाबरण्यासारखं काही नाही, भिंत श्वास सोडतेय. बायकोला तसं समजावलं. ती भेगा मोजायला लागली. ती मोजायला लागली की मला धडकी भरते.

२२ मार्च
आईची चादर कपाटात दमट झाली. इस्त्री फिरवली. उद्यापर्यंत सगळं ठीक होईल. व्हायलाच हवं.

२३ मार्च
आई आली, ताईच्या गाडीतून. कॉटवर बसली, खोली छान केलीस म्हणाली. पुढचं वाक्य पुरं होईना. ओठ निळे पडले. मी घरभर तिचा दम्याचा पंप शोधत सुटलो. पंप माझ्याच खिशात होता. ताईने तिला धरून अंगणात नेलं, आणि धाप जरा कमी झाल्यावर गाडीत. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

२५ मार्च
आईचा फोन. ताईकडे कित्येक दिवसांनी सलग झोप लागली म्हणाली. मी म्हणालो, मला आनंद झाला. मग ती म्हणाली, तू मनाला लावून घेऊ नकोस रे.
हीटर परत केला. रिकाम्या कॉटवर जरा बसलो. भिंतीला हात लावून पाहिला.
ओली आहे.