मामंजींचा प्रश्न

बंगलोर, मंगळवार, ऑगस्ट १९६१

आज साहेबांनी बोलावून सांगितलं, "सोमवारपासून तपासणी विभाग तुम्ही बघा, अक्का." रेडिओच्या कारखान्यात इतकी वर्षं मान मोडून काम केलं, त्याचं चीज झालं. पण आनंद झाला का मला? बसमध्ये एकच विचार, घरी सांगायचं कुणाला?

एरवी मामंजींना सांगितलं असतं. सून कारखान्यात जाते म्हणून नातेवाईक नावं ठेवत होते, तेव्हा मामंजीच मला रोज बसपर्यंत सोडायला यायचे. संध्याकाळी विचारायचे, "आज काय काय केलंस?" त्या एका प्रश्नावर दिवसभराचा शीण उतरायचा. अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचाच गेली. तेव्हापासून कामही नुसतं उरकते मी. कुणी विचारत नाही ना.

तरी त्यांच्या खाटेशी बसून सगळं सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात हे कचेरीतून आले. ऐकून म्हणाले, "बरं झालं विषय निघाला. अण्णांजवळ आता दिवसभर माणूस लागतं. उद्या राजीनामा देऊन टाक."

मामंजींचं करायला मी नाही तर कोण? नोकरी टिकली ती त्यांच्याच पाठबळावर, आणि सोडायची तीही त्यांच्यासाठीच.

मामंजी सारखी मान हलवत होते.

"पाणी हवंय त्यांना," हे म्हणाले.

मी पेला लावला. मामंजींनी ओठ घट्ट मिटून घेतले. पाणी गळ्यावरून उशीवर ओघळलं. ते पदरानं टिपत मी यांना म्हणाले, "देते उद्या."