बटूचा अनध्याय

६ ऑक्टो. ९६, रवि. सातारा.
सकाळी बाजारभाव, एक उद्घाटन आणि एक एस.टी. कलंडल्याची बातमी फोनवरून पेपरच्या सांगलीच्या कचेरीला सांगितली. (कुणी दगावलं नाही. शेवटच्या पानावर जाईल.) दुपारी शेजारचे सुभेदार पेढे घेऊन दारात. धाकटा संपत, फौजेत मेकॅनिक, त्याची दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत निवड झाली. डिसेंबरात गोव्याहून जहाज. बर्फावरच्या गाड्या सांभाळायच्या.
"शास्त्रीबुवा, पेपरात टाका की. फोटोसकट."
म्हटलं, माझी पुतणी मृणालही त्याच जहाजाच्या वाटेवर आहे.
"आवं, व्हय? तिथं काय करनार ताई?"
"उद्याची हवा सांगणार."
"मग लय बेस. तिला इचारूनच आमचं पोरगं भाईर काढा म्हनावं."
तिचं अजून नक्की नाही, हे सांगायचं राहिलं. तोंडात पेढा होता.

१० ऑक्टो., गुरु. सांगली, विश्रामबाग.
दादाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. उजव्या डोळ्यावर हिरवं झापड. वाचायला बंदी, त्यामुळे बोलणं दुप्पट. मृणाल पुण्याहून रजेवर आलीय. रजा नावाची, कॉम्प्युटर बरोबर. करवलीने कलश धरावा तसा मांडीवर घेऊन रिक्षातून आणला.
दादाचं पालुपद: "पीएच.डी. झाली, त्यावर आणखी शिकणं झालं. आता बर्फ. दंव बघायचं तर महाबळेश्वरला जा म्हणावं, संध्याकाळी घरी परत."
मृ. हसून सोडून देते. पण तिची फेलोशिप मार्चला संपते. तिने बसवलेला हवेच्या अंदाजाचा प्रोग्रॅम जहाजावर गेला तर ती जाणार, आणि गेली तर पुढचं काही निघणार. नाहीतर विश्रामबागेत शिकवण्या.
संध्याकाळी मला समजावून सांगितलं. बर्फावरच्या ठाण्यातल्या जुन्या नोंदी, म्हणजे वारा, हवेचा दाब, थंडी, एकामागून एक मशिनला दाखवायच्या. दुसऱ्या दिवशी काय झालं तेही दाखवायचं. नियम सांगायचा नाही. बघून बघून ते आपलं आपण शिकतं.
"म्हणजे घोकंपट्टी."
"नाही काका. घोकलं तर नापास. न पाहिलेल्या दिवसांवर परीक्षा घेते मी त्याची."
नाव ठेवलं: बटू. तिने नाक मुरडलं. जेवायला बसेपर्यंत तीच म्हणत होती, "थांब आई, बटूचा धडा संपू दे."
परीक्षेत बटू जवळजवळ पैकीच्या पैकी. इतका हुशार विद्यार्थी मी वाईच्या पाठशाळेत पाहिला नव्हता. आरशातही नाही.

१२ ऑक्टो., शनि.
दुपारी आभाळ एकदम काळं. पहिला गडगडाट झाल्याबरोबर मृ.ने धावत जाऊन मशिनची वायर उपटली. वीज पडली तर जळतं म्हणे.
म्हटलं, बटू परंपरेतला दिसतो. पाठशाळेत आमचंही हेच. ढग गडगडले, वावटळ उठली की अनध्याय. पोथी बांधली, पाठ बंद. गुरुजी आडवे, आम्ही घाटावर. अष्टमी, प्रतिपदा या ठरलेल्या सुट्ट्या. वादळाची आगाऊ कळत नसे, म्हणून गोडी जास्त. पर्जन्याची सूक्तं तोंडपाठ, पण सगळी लख्ख उन्हात बसून केलेली.
दादा झोपाळ्यावरून: "म्हणून तुला छत्री न्यायचं कधी सुचत नाही."
वहिनी हसल्या. मृ. नाही. वायर तशीच हातात.
"काका, तिथेही हेच असणार."
"कुठे?"
"बर्फावरच्या ठाण्यावर. वादळ सुटलं की माणूस मोजायला बाहेर पडूच शकत नाही. त्या दिवशीची नोंद कोरी. आणि कोरे दिवस मी..."
"काय केलंस?"
"गाळले. नोंद अर्धवट असली की गाळायची. सगळेच गाळतात."
म्हणजे बटूने वादळ कधी पाहिलंच नाही. परीक्षाही गाळून उरलेल्या दिवसांवरच. उघडीप असताना 'उघडीप राहील' म्हणायला...
मी बोलता बोलता वाक्य सोडून दिलं होतं. तिनेच पुरं केलं. "तेवढं बाबाही सांगतील. एका डोळ्याने."

१३ ऑक्टो., रवि.
मृ. सकाळपासून गाळलेले दिवस परत काढून बघते आहे. बहुतेक सगळे वारा चढत गेल्यानंतरचे. शंकेला जागा नाही.
वहिनी स्वयंपाकघरात: "भावोजी, काल तुम्हीच काहीतरी बोललात ना? जेवत नाहीये पोरगी."
होय म्हटलं. माझ्या संस्कृताचा जन्मात प्रथमच कुणाला उपयोग झाला, तो असा.
संध्याकाळी विचारलं, पुण्याच्या सरांना, ज्यांच्या हाताखाली काम करतेस त्यांना, सांगणार?
"सांगितलं तर प्रोग्रॅम जहाजावर नाही. म्हणजे मीही नाही."
"आणि नाही सांगितलं तर?"
"तर तो रोज चांगलंच सांगेल. आणि तुमच्या सुभेदारांचा संपत गाडी बाहेर काढेल."
ते पेढ्यांचं तिला कशाला सांगितलं होतं मी, कोण जाणे. की बरं झालं?

१५ ऑक्टो., मंगळ. सातारा.
सुभेदारांनी फाटकात गाठलं. "ताईंचं मशिन काय म्हनतंय?"
"अभ्यास चाललाय."
"चालू द्या. संपत म्हनला, हवा इचारूनच गाडी काढत्यात तिथं. म्हटलं, मग काय घोर न्हाई. आपल्या शास्त्रीबुवांचीच पोरगी हाय."
आज बातमी दिली नाही. पोट बिघडलं असं कळवलं.

२१ ऑक्टो., सोम. सांगली.
मृ.ने पुण्याला सरांना फोन केला. घरी फोन असून कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथमधून, बाबांसमोर नको म्हणून. मी बाहेर. काचेतून नुसते ओठ हलताना दिसत होते.
"काय म्हणाले?"
"आधी सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, हे आणखी कुणाला माहीत आहे?"
"मग?"
"म्हटलं, काकांना. ते पेपरात असतात."
शाबास. एक अक्षर खोटं नाही.
तिने तोडही सुचवली आहे. कोरा दिवस हासुद्धा धडाच धरायचा. मागे ज्या लक्षणांनंतर नोंद कोरी राहिली, ती लक्षणं दिसली की बटूने म्हणायचं: माहीत नाही, बाहेर पडू नका. सर म्हणाले, 'माहीत नाही' म्हणणारं मशिन जहाजावर चढवायला मी वरच्यांना काय तोंड दाखवू? बघतो म्हणाले. मोठ्या माणसांचं 'बघतो'...

४ नोव्हें., सोम.
सांगलीहून मृ.चा फोन. नवा बटू तयार. गुण पुष्कळ घसरले, मृ. खूश. येत नाही तिथे गप्प बसतो म्हणे.
म्हटलं, मग आता पंडित झाला.
तिने ते घरात सांगितलं असावं. मागून दादाचा आवाज: "त्याला म्हणावं, तुझ्या पुढे गेला."
सरांकडून काही नाही.

१४ नोव्हें., गुरु. सातारा.
दिवाळी संपली. चकल्या मऊ पडल्या. जहाजावरची नावं अजून पुरी लागलेली नाहीत. संपतचं लागलं.
सुभेदारांना बसवून सगळं सांगितलं, पेढ्याच्या वेळी राहिलेलं धरून. मिशीवर हात ठेवून ऐकत होते.
"म्हंजे मशिन आता भितंय?"
"भितं."
"बरं झालं. आमचं संपत भीत न्हाई, तेचाच घोर हुता." मग मऊ चकली मोडत: "पर ताई न्हाईत गेल्या तर ते मशिन लावनार कोन?"
 

१७ नोव्हें., रवि.
दादाचा फोन. झापड निघालं, आता पेपर वाचतो आणि माझ्या बातम्यांतल्या चुका काढतो. दोन काढून झाल्यावर आवाज खाली आणला.
"साताऱ्यात माणदेशी घोंगडी मिळते ना रे? एक घेऊन ये. जाड."
"कुणाला?"
"तिला बोलू नकोस. नाव लागलं तर तिला. नाही लागलं तर मी पांघरीन, थंडी इथेही पडते."
बरं म्हटलं. फोन ठेवणार, तेवढ्यात:
"आणि काळी बघ. बर्फात लांबून दिसली पाहिजे."