बोटक्लबची किल्ली

९ ऑक्टोबर १९९४
खेमाखेडीचा तलाव ओळखूच आला नाही! ह्यांनी मुद्दाम जीपमधून नेलं, सरकारी पैशातून झालेला बोटक्लब दाखवायला. पायऱ्या, कठडा, रंगवलेल्या नावा, एका खोलीत बुडणाऱ्याला वाचवायच्या लाल रबरी रिंगांची चळत. "आता बघ, रविवारी इंदूरची मंडळी येतील!" पुढच्या वर्षी ह्यांना रिटायर व्हायचंय. इंजिनिअर म्हणून हे शेवटचं मोठं काम. मी छान म्हटलं. छानच आहे.

कॉन्व्हेंटच्या सिस्टर आम्हाला इथेच पिकनिकला आणायच्या. पाणी जेमतेम गुडघ्यापर्यंत. फ्रॉक वर धरून शिंगाडे तोडायचो, तिथेच सोलून खायचो — बोटं काळी! आता नावा चालाव्यात म्हणून दोन पुरुष खोल खणलंय.

१४ ऑक्टोबर
उद्घाटन पुढे गेलं. मंत्रीजींना वेळ नाही. तोवर सगळं कुलपात. किल्ली आमच्याकडे, देवघराशेजारच्या खिळ्यावर.

२१ ऑक्टोबर
धापू आली होती. फ्रीगंजच्या बाजारात पाटी घेऊन बसते, आमचे उपासाचे शिंगाडे तिच्याकडचेच. आज पाटी नव्हती. "बाईजी, तालाब में अब पाँव नी टिके. म्हारा आदमी मटके पे तैरे है. वो लाल चकरी एक दे दो नी."

ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकंही वर केलं नाही. "फीत कापायच्या आधी काही बाहेर निघणार नाही."

एकच तर मागतेय, मी म्हटलं.

"एक दिली की सगळं गाव दारात येईल. असं करा मीराबाई, डिपार्टमेंट तुम्हीच चालवा!"

धापूला चहा दिला. चहाच दिला.

२९ ऑक्टोबर
मांगीलाल गेला. धापूचा नवरा. पाण्यात मटकं फुटलं. तिथून रिंगांची खोली दिसते.

३० ऑक्टोबर
भरपाई नाही. जेवताना ह्यांनीच सांगितलं. "क्लब अजून सुरूच झालेला नाही ना. कागदावर तिथे काहीच नाही." मग म्हणाले, वरण वाढ. वाढलं. त्यांच्याकडे बघवेना.

३ नोव्हेंबर
दिवाळी. फराळ डब्यात तसाच. हे माडीवर एकटे बसून आहेत.  मी वर गेले नाही.

८ नोव्हेंबर
उद्या उद्घाटन. रिंगांना झेंडूच्या माळा घालणार आहेत — शोभेला! खिळ्यापर्यंत हात गेला माझा. परत आला.

९ नोव्हेंबर
मंत्रीजी कात्री घेऊन उभे आणि समोर तलावात शिंगाडेवाले — प्रत्येकाच्या काखेत लाल रिंग! खोली रिकामी. कुलूप तोडलेलं नाही. सगळ्यांदेखत ह्यांचे वरचे साहेब ओरडले, "चाबी किसके पास थी?"

"मेरे पास," हे म्हणाले. 

आज सकाळी उठले तेव्हा दोरीवर ह्यांची पँट होती. गुडघ्यापर्यंत ओली.