टॉवेलखालचे दहा शब्द

रविवार, ८ फेब्रुवारी
आजपासून वाचनवर्ग. जागा: आमची ओसरी, घोडेगाव. विद्यार्थी दोन, शेजारचे गोरक्ष आणि आरती. पहिलीत आहेत, अक्षराशी वैर. पुतणी दिशा दुसरीत. तिला वाचता येतं, म्हणून ती फक्त सतरंजी अंथरणार.
शाळेच्या शुभांगी मॅडम अठराला येऊन तपासणार. दोघं वाचू लागले तर शाळेचा उन्हाळी वर्ग माझ्याकडे. नाहीतर दर शुक्रवारी वडिलांबरोबर, म्हणजे आबांबरोबर, म्हशींच्या बाजारात उभं राहायचं, असा त्यांचा हुकूम. म्हशी माझ्याकडे रोखून बघतात.

सोमवार, ९ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
भिंतीवर तक्ता लावला. रोजचे दहा शब्द, क्रमांकासह. १ घर, २ पाणी, ३ भाकरी वगैरे. आधी तक्ता पाठ, मग तेच शब्द कार्डांवर, क्रमांकाविना. 'पाणी' तीनदा तपासलं. बारावीला इंग्रजीने घात केला, पण माझी वेलांटी कधी चुकलेली नाही.
नियम: रोज दहाच. घाई नको. शेजारच्याने सांगितलं तर ती कॉपी.

बुधवार, ११ फेब्रुवारी
तक्ता तोंडपाठ. उत्तम. कार्ड दाखवलं 'पाणी'. गोरक्ष म्हणाला, म्हैस. म्हटलं, नीट बघ. म्हणाला, नीटच बघतोय, म्हैसच हाय. आरतीला सगळीच कार्डं भाकरी वाटली. उपाशी असावी.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी
शाळा सुटल्यावर आबा तिघांना बाजार दाखवायला घेऊन गेले. मी कार्डांच्या कडा सरळ कापल्या. बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. टॉवेलखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात. आजच्या काळात. आबा म्हणाले, मास्तर, तुमी बी शिका, दहाच तर बोटं हायेत. दुर्लक्ष केलं.

शनिवार, १४ फेब्रुवारी
दहापैकी दहा. दोघांचेही. दिशाच्या दोन बाजूंना बसले, थंडी वाजते म्हणून मांडीवर टॉवेल. गोरक्ष डोळे मिटून, विचार करून उत्तर देतो. ही एकाग्रता माझ्या पद्धतीची. मॅडमना मेसेज केला: निकाल आधीच लागला आहे.

सोमवार, १६ फेब्रुवारी
पुन्हा दहापैकी दहा. ऊन तापलं तरी टॉवेल आहेच. मुलं नाजूक. दिशा मधूनच हसते. शिस्त नाही.

बुधवार, १८ फेब्रुवारी
मॅडम आल्या. दिशाला त्यांनी आपल्याजवळ बसवलं. तिथून बिघडलं.
गोरक्ष म्हणाला, मॅडम, कितवा हाय तेवढं सांगा, मंग लगेच सांगतो. आरती टॉवेलखाली हात धरून वाट बघत राहिली. मॅडमनी विचारलं, टॉवेल कशाला? आरती म्हणाली, त्याच्याबिगर सौदा कसा व्हनार?
मॅडम बराच वेळ हसल्या. वर्ग दुसऱ्या कोणाला देणार आहेत. माझा निष्कर्ष: शब्द मुलांना येतात, फक्त डोळ्यांनी नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी
बाजार. एका व्यापाऱ्याने टॉवेल टाकला, माझा हात धरला. मी सभ्यपणे हो म्हणालो. आमची म्हैस त्याच्या भावाने गेली. आबांनी विचारलं, किती बोटं दाबली? मी म्हणालो, मोजली नाहीत, पण हात मऊ होता. येताना आबांनी मला टेम्पोत मागे, म्हशीच्या जागी उभं केलं.

रविवार, २२ फेब्रुवारी
ओसरीवर वर्ग. दिशा शिकवते. मांडीवर टॉवेल, विद्यार्थी एक. म्हणाली, काका, रोज दहाच, घाई नको.
सात बोटांपर्यंत जमलं. आठला अडलो, तेव्हा गोरक्षने कानात सांगितलं. याला कॉपी म्हणता येणार नाही.