‘साद’ अ‍ॅपची मंजुरी परत करण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
मोबाइल अ‍ॅप विकास व प्रशिक्षण केंद्र,
सैन्य मुख्यालय.

विषय : ‘साद’ अ‍ॅपची मंजुरी परत करणे व पात्रतेची अट बदलणे.
संदर्भ : आपले मंजुरीपत्र, काल टपालाने मिळालेले.

महोदय,

१. सदर अर्जदार आपल्याच केंद्रातून लेफ्टनंट कर्नल या हुद्द्यावरून निवृत्त झाला आहे. जबड्याला गोळी लागलेला एक जवान इस्पितळाच्या भिंतीवर बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिला व त्यातून ‘साद’ तयार केले. पडद्यावरील चित्राला वा अक्षरांना बोट लावले की फोन ते मोठ्याने बोलतो. बोट थरथरत असले तरी अंदाज घेतो. बरोबरीचे अधिकारी अर्जदाराला ‘फोनबहाद्दर’ म्हणत. त्याने ते मनावर न घेता लष्करी इस्पितळे पालथी घालून जवानांना व परिचारिकांना अ‍ॅप शिकवले. शाळेत भूगोल शिकवणारी त्याची पत्नी म्हणे, “जगाला बोलतं करता आणि घरी आलात की तोंडाला कुलूप.”

२. गेल्या उन्हाळ्यात पक्षाघाताने तिची वाचा गेली. समज शाबूत होती, डावा हात हलत होता. अर्जदाराने ‘साद’साठी अर्ज केला. अ‍ॅप केवळ सेवेतील जवानांसाठी असल्याने तो नामंजूर झाला. फेरअर्जावर, अ‍ॅप विकास अधिकाऱ्याची शिफारस आणावी, असे कळवण्यात आले. ते पद अर्जदाराच्या निवृत्तीपासून रिकामे आहे. स्वतःची शिफारस स्वतःच करण्याची तयारी त्याने दाखवली. ती नियमात बसली नाही.

३. अर्जदार तिसरा अर्ज घेऊन जातीने केंद्रात आला. खिडकीवरचा हवालदार त्याच्याच हाताखाली शिकलेला. त्याने सलाम केला, खुर्ची दिली आणि खाली बघत म्हणाला, “सर, हे तुम्हीच मला शिकवलंत. पण परवानगीशिवाय कुणाला द्यायचं नाही, हेही तुम्हीच शिकवलंत.” त्याचे काही चुकले नाही. कृपया त्याला जाब विचारू नये.

४. निवृत्तीच्या वेळी अ‍ॅपची प्रत न ठेवण्याचे अर्जदाराने लिहून दिले होते, व ते पाळले. घरी नव्याने लिहायला घेतले. पण भरवणे, कूस बदलणे, औषधे यांत काम पुढे सरकेना. तोवर एका पुठ्ठ्यावर पाणी, भूक, दुखते असे शब्द आणि खाली मुळाक्षरे लिहून दिली. पहिल्या दिवशी तिने ‘भूक’वर बोट ठेवले आणि मग ते अर्जदाराकडे वळवले, तुम्ही जेवलात का, असे तिला विचारायचे होते.

५. शेवटच्या दुपारी, सरकारी इस्पितळात, तिने ‘पाणी’वर बोट ठेवले. पाणी दिले, तर मान हलवली. तोंड पुसले, नळ पाहून आला, तेही नव्हते. मग ती अक्षरांकडे वळली. बोट इतके थरथरत होते की अर्जदाराला एकही अक्षर धड ओळखता येईना. तो म्हणाला, “कळलं गं.” कळले नव्हते. ते तिच्या ध्यानात आले असावे, कारण तिने त्याचा हात थोपटला. दिवेलागणीला ती गेली. तिला काय सांगायचे होते, ते अर्जदाराला आजही ठाऊक नाही.

६. कालच्या मंजुरीपत्रात लाभार्थीने प्रशिक्षणासाठी समक्ष हजर राहावे असे म्हटले आहे. ते आता शक्य नाही. मंजुरी परत करीत आहे.

७. विनंती एवढीच, की अटीतील ‘सेवेतील जवान’ हे शब्द काढून ‘बोलता न येणारी कोणतीही व्यक्ती’ असे शब्द घालावेत. शिकवायला अर्जदार विनावेतन जाईल. पत्नीला ठेवले होते त्या सरकारी इस्पितळात घशाची शस्त्रक्रिया झालेला एक सुतार आहे. त्याची बायको सकाळपासून त्याच्या ओठांकडे बघत अंदाज करीत बसते. निर्णय याच आठवड्यात व्हावा. त्याच्याकडे फार वेळ आहे, असे डॉक्टर म्हणत नाहीत.

आपल्याच केंद्राचा एक जुना सेवक,
(सही)
लेफ्टनंट कर्नल, सेवानिवृत्त
दिनांक : २ नोव्हेंबर

सोबत : मूळ मंजुरीपत्र, पत्नीच्या मृत्यूचा दाखला.